आत्याचं सरकतं दार

"दादा, हे दार आतून कुलूप लावलेलं असताना बाहेरून उचलून काढता येतं का?"

मी हे विचारलं तेव्हा दुकानात अकरा माणसं होती. मी आधीच मोजून ठेवली होती, कारण अटच तशी होती. प्रश्न अनोळखी मोठ्या माणसाला विचारायचा, तो खरा असायला हवा, आणि निदान दहा जणांना ऐकू जायला हवा.

अट घालणाऱ्या माझ्या दोन मैत्रिणी. एकीला आम्ही वकील म्हणतो, कारण ती शिक्षकांशीसुद्धा मुद्दा एक, मुद्दा दोन असं करून भांडते. दुसरी चिमणी. तिचा आवाज मात्र असा आहे की शाळेची घंटा बिघडली तर तिलाच उभं करतील. आणि मी कुजबुज. हे नाव मला सातवीत पडलं. मी उत्तर द्यायला उभी राहिले की बाईंना माझ्या बाकापर्यंत चालत यावं लागायचं, इतकं माझं बोलणं स्वतःपुरतं होतं. यंदा या दोघींनी मला मनावर घेतलं आणि 'हिंमतीचा प्रश्न' सुरू केला. आठवड्याला एक. पहिल्या आठवड्यात मी वाचनालयातल्या काकांना विचारलं की तुम्ही स्वतः कधी पुस्तक उशिरा परत केलंय का, आणि विचारून झाल्यावर माझे पाय लटपटत होते. पाचव्या आठवड्यात दाताच्या डॉक्टरांना विचारलं की तुमचे दात कोण बघतं. तेव्हा पाय ठीक होते. नवव्या आठवड्यात, म्हणजे या दुकानात, खरं सांगायचं तर मला या प्रकाराची चटक लागली होती.

दाराचा प्रश्न वकिलीणबाईंनी दिला होता. तिच्या काकांकडे चावी हरवली तेव्हा त्यांनी मागचं काचेचं दार बाहेरूनच उचलून बाजूला ठेवलं होतं म्हणे.

आई, बाबा आणि मी दुकानात आलो होतो ते आत्याच्या खोलीसाठी. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. सहा वर्षांपूर्वी ती शिलाईमशीन घेऊन आमच्याकडे राहायला आली. कपडे आखूड करणं, सैल करणं, चेन बदलणं, रफू, अशी कामं ती करते. येताना तिने एकच अट घातली होती: माझी गिऱ्हाइकं माझ्या दाराने येतील. मागच्या खोलीला गल्लीकडच्या छोट्या अंगणात उघडणारं मोठं सरकतं काचेचं दार आहे, घर घेतलं तेव्हापासूनचं. म्हणून ती खोली तिची.

पण गेल्या दीड वर्षात ते दार सरकायचंच बंद झालं. त्यात आत्याचा उजवा खांदा धरला तो धरलाच. दार उघडायला बाबा लागायचे, आणि बाबाही एक पाय भिंतीला लावल्याशिवाय ते उघडू शकायचे नाहीत. मग गिऱ्हाइकं पुढच्या दाराने यायला लागली. म्हणजे आमच्या हॉलमधून. बाबा बनियनवर व्यायाम करत असताना समोरून एक गृहस्थ हातात दोन पँटी घेऊन "चालू द्या, चालू द्या" म्हणत गेले, त्या दिवशी बाबांनी जाहीर केलं की नवं दार घ्यायचं.

तर, दुकान. टाय लावलेले दादा आमच्या आईला अर्धा तास दारं दाखवत होते. ॲल्युमिनियम की प्लास्टिकची चौकट, एक काच की दोन काचा, दोन झडपा की तीन झडपा. आईची शंका प्रत्येक दारासमोर तीच. ताई दिवसभर मागे एकट्या असतात, काचेचं दार, कुणी आत आलं तर? दादांचं उत्तरही तेच. पाच ठिकाणी लॉक आहे, मॅडम. आईला हळूहळू पटत चाललं होतं. आणि नेमकं तेव्हा मी माझा प्रश्न विचारला.

"अजिबात नाही," दादा हसून म्हणाले. "पाच ठिकाणी लॉक आहे."

"करून बघू का?"

"खुशाल बघ."

नमुन्याचं दार होतं, माझ्या खांद्याएवढं. मी दोन्ही हातांनी धरलं आणि वर उचललं. ते उठलं. बशीतून कप उचलावा तसं उठलं. खालची कड रुळातून सुटून बाहेर आली आणि पाच लॉकांसकट ते दार माझ्या मिठीत आलं.

दुकानातली माणसं वळून बघायला लागली. मागे स्टुलावर बसून काचेवर खुणा करणारी एक बाई मात्र खदखदून हसली, उठली, आणि माझ्या हातातून दार घेऊन परत जागेवर बसवलं. टायवाल्या दादांचा चेहरा बघवत नव्हता. पण त्याहून बघवत नव्हता तो आईचा.

परत येताना बसमध्ये आई एवढंच म्हणाली, "पाच ठिकाणी लॉक म्हणे." बाबा तीन थांबे खिडकीबाहेरची घरं बघत होते. चौथ्याला म्हणाले, "भिंत."

"काय भिंत?" मी विचारलं.

"दार काढून भिंत बांधू. वर खिडकी, तिला गज. भिंत कुणी उचलून नेत नाही."

"आणि आत्याची गिऱ्हाइकं?"

"किती वर्षं ती दुसऱ्यांच्या पँटी आखूड करणार? खांदा बघतेस ना तिचा. आता आराम करू दे."

घरी आल्यावर बाबांनी आत्याला सांगितलं. ती मशीनवर होती, ओठांत टाचण्या धरलेल्या. पुढच्या सोमवारी गवंडी येईल, हे ऐकल्यावर तिने एकेक टाचणी काढून उशीला टोचली आणि म्हणाली, "बरं."

बाबांना ते 'बरं' बरं वाटलं. मला नाही. आत्या टाचण्या तोंडात ठेवून 'हो' म्हणू शकते, 'नाही' म्हणू शकते, शेजारणीची अख्खी गोष्ट सांगू शकते. टाचण्या काढल्या म्हणजे तिला वेळ हवा होता. तिचं काम बंद होणार होतं आणि ते मी केलं होतं, एका प्रश्नाने, टाळ्या मिळवण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी दोघींना सगळं सांगितलं.

"मुद्दा एक," वकील म्हणाली, "प्रश्न तू विचारलास. मुद्दा दोन, म्हणजे भिंतही तुझीच."

"अगं, प्रश्न दिला कुणी?" चिमणी तिच्यावर खेकसली. मैदानावरची मुलं वळून बघायला लागली.

"प्रश्न मी दिला. दार उचलून मिठीत घ्यायला मी सांगितलं नव्हतं."

"आता भांडू नका," मी म्हटलं आणि रुमाल काढायला दप्तराचा छोटा कप्पा उघडला. त्यात एक कार्ड होतं. दुकानाचंच, मागे पेनाने लिहिलेलं: 'प्रश्न चांगला होता. उत्तर हवं असेल तर फोन कर.' खाली नंबर. दुकानातही हेच दप्तर पाठीवर होतं; आम्ही तरातरा निघालो तेव्हा त्या हसणाऱ्या बाईने घाईने लिहून मागून सरकवलं असणार.

फोन करणं हे समोर उभं राहून विचारण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं, कारण समोरचा माणूस काय तोंड करतोय ते दिसत नाही. मी काय बोलायचं ते वहीत लिहून काढलं. त्यातलं एक वाक्यही वापरावं लागलं नाही.

"मी... काल दुकानात दार उचललं ती."

"हां, तू होय. त्या टायवाल्याला कालपासून घास गिळत नाहीये."

"ते खरंच उचलता येतं?"

"नमुन्याचं येतं. दर पंधरा दिवसांनी आम्ही नमुने बदलतो, म्हणून त्याच्या वर अडणी बसवत नाही. घरी बसवलेल्या दाराला बसवतो. मग ते वर उठायला जागाच उरत नाही."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगणारच होते. तोवर तुझे वडील रस्ता ओलांडून पलीकडे."

मग मी भिंतीचं सांगितलं, आत्याचं सांगितलं. आमचं दार जुनं झालंय म्हणून सरकत नाही, असंही सांगितलं.

"जुनं झालं म्हणून दार थांबत नाही," ती म्हणाली. "कशाने तरी अडलेलं असतं. शनिवारी बघून जाते. नवंच लागणार असेल तर नवं विकीन, हे आधीच सांगते."

"चालेल, मावशी."

"मावशी नको. मला सगळे मिस्त्री म्हणतात."

शनिवारी आई डोळ्यांच्या दवाखान्यात आणि बाबा छापखान्यात, दोघंही संध्याकाळपर्यंत कामावर. वकील आणि चिमणी सकाळीच हजर. आत्या मला म्हणाली, "कशाला बोलावलंस त्या बाईला? ठरलंय ना सगळं." पण दारासमोरचे कपड्यांचे गठ्ठे तिने कुणी न सांगता आधीच पलंगावर हलवून ठेवले होते.

मिस्त्री आली. खिशांची निळी पँट, कमरेला पट्टा, त्यात हत्यारं. तिने आधी दाराला हात लावलाच नाही. उकिडवी बसून खालचा रूळ बघितला, बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला.

"याला तेल कोण घालतं?"

"मी," आत्या ताठ होऊन म्हणाली. "दर महिन्याला. मशीनचं, चांगलं तेल. एक महिना चुकवला नाही."

मी खाली बघायला लागले, कारण मीसुद्धा घालत होते. मला वाटायचं आत्याचा खांदा दुखतो, तिला कुठून जमणार, म्हणून मी गुपचूप दर रविवारी. मी ते कबूल केलं. मग आठवलं, एकदा आईला केसांच्या तेलाची बाटली घेऊन इथे वाकलेलं मी पाहिलं होतं. आत्याला आठवलं की बाबा छापखान्यातून एक काळा डबा आणतात. म्हणजे सहा वर्षं या घरातली चार माणसं एकमेकांना न सांगता एकाच दाराला तेल पाजत होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं, या घरात दाराची काळजी आहे ती फक्त मलाच.

"एवढं तर लोणच्यालाही लागत नाही," मिस्त्री म्हणाली. "सरकत्या दाराच्या रुळाला तेल घालायचंच नसतं. तेल धूळ धरतं, धुळीवर तुम्ही पुन्हा तेल घालता. रूळ कोरडा हवा. कोरडा आणि स्वच्छ, बस."

आत्याचा चेहरा असा झाला की मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण ती लगेच म्हणाली, "काढा मग. काय काय निघतंय बघू तरी."

मिस्त्रीने पातळ पट्टीने रूळ खरवडायला घेतला. काळा, चकचकीत, डांबरासारखा लगदा निघायला लागला. चिमणीने वर्तमानपत्र पसरलं, वकिलीने वही काढून यादी करायला घेतली. टाचण्या एकसष्ट. बटणं चौदा, त्यातली दोन एकाच कोटाची, जो कोट तीन वर्षांपूर्वी गिऱ्हाइकाने भांडून परत नेला होता. बुद्धिबळातलं एक प्यादं. माझा दुधाचा दात, असं आत्या म्हणाली. तो दात नसून मोत्याचं बटण आहे, असं वकील म्हणाली, आणि दोघींचा वाद मिस्त्रीने मध्ये पडून मिटवला. "दात. बटणाला भोकं असतात."

मग दार खाली उतरवायचं होतं. आत्या सोडून आम्ही चौघींनी पकडलं, मिस्त्रीने 'एक, दोन' म्हटलं आणि ते सुटून आलं. त्याखाली चाकं असतात, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. चाक कुठलं, रीळ होतं ते. लाल, पांढरा, काळा, सहा वर्षांत खाली पडलेला प्रत्येक धागा त्याला गुंडाळला गेला होता.

मिस्त्रीने चौकट ठोकून बघितली, कोपरे तपासले, काचेच्या कोपऱ्यातला पुसटसा शिक्का मला दाखवला. "हा शिक्का म्हणजे काच टणक केलेली आहे. फुटली तरी सुऱ्यासारखे तुकडे होत नाहीत. चौकट ठणठणीत. नवं दार नको तुम्हाला. मला विकायला आवडलं असतं, पण नको. चाकं बदला."

तिने पिशवीतून दोन प्रकारची चाकं काढली. एक पांढरं, प्लास्टिकचं. दुसरं जरा जड, आत छर्रे असलेलं. "निवडा."

आत्याने दोन्ही हातात घेतली. आधी पांढरं फिरवून कानाशी धरलं, मग जड. मशीनचं चाक विकत घेताना ती जसं ऐकत असेल तसं. "हे," ती म्हणाली. "हे बोलत नाही."

"तुमचा कान पक्का आहे," मिस्त्री म्हणाली. मला वाटतं, त्या घटकेपासून दोघींचं जमलं.

जुन्या ब्रशने रूळ घासला, ओल्या फडक्याने पुसला, मग कोरड्याने. चौकटीला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं होती, आत आलेलं पावसाचं पाणी निघून जाण्यासाठी. ती सगळी बुजलेली. आत्याने गोणपाट शिवायचा दाभण दिला, मी एकेक भोक मोकळं केलं. मिस्त्रीने रुळात तांब्याभर पाणी ओतलं आणि चिमणीला बाहेर उभं केलं.

"आलं पाणी," चिमणी म्हणाली. म्हणजे तिने साधंच सांगितलं, पण दोन घरं पलीकडचा कुत्रा भुंकायला लागला.

दार परत चढवलं. खालच्या कडेला प्लास्टिकचं एक छोटं झाकण होतं, ते काढलं की आत स्क्रू. तो फिरवला की चाक खाली येतं आणि दार वर उचललं जातं. मिस्त्रीने तो मला फिरवायला दिला. अर्धा फेरा, बघ. अजून अर्धा, बघ. दार सरळ झालं आणि कडीचा आकडा, जो कधीच नीट बसायचा नाही, खटकन जागेवर गेला.

"आता तुम्ही," मिस्त्री आत्याला म्हणाली.

आत्याने सवयीने डावा हात लावला, अंग मागे टाकलं, दम धरला. दार सुळकन गेलं आणि ती स्वतःच तोल जाऊन दोन पावलं मागे आली. आम्ही बघत राहिलो. तिने पुन्हा बंद केलं. मग करंगळीने उघडलं. बंद केलं. उघडलं. सात वेळा. आठव्यांदा ती अंगणात गेली, बाहेरून दार लावलं, क्षणभर तशीच उभी राहिली, आणि मग उघडून आत डोकावत म्हणाली, "कुणी आहे का? एक फ्रॉक सैल करायचाय."

"कुणाचा?" मिस्त्रीने विचारलं.

"माझाच. आनंदाने फुगलेय."

आम्ही तिघी जमिनीवर बसून हसलो. मग मिस्त्रीने टाळी वाजवली. "चला, आता हिचा प्रश्न. कुलूप लावते. तुम्ही तिघी बाहेर जा आणि उचला."

आम्ही बाहेरून पकडलं. वकील डावीकडे, चिमणी उजवीकडे, मी मधे. उचललं. आणि ते उठलं. अडीच बोटं तरी उठलं. आकडा सुटल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

आई म्हणत होती ते खरं होतं तर. काचेतून आत्याचा चेहरा दिसत होता. तिने मघाशी हसताना खाली ठेवलेल्या टाचण्या उचलल्या आणि उशीला टोचायला सुरुवात केली.

"सहा वर्षं हे कसं नाही उठलं?" मी आत येऊन विचारलं.

"मळाने धरून ठेवलं होतं," मिस्त्री म्हणाली. "तो तुमचा राखणदार. त्याला आज आपण हाकलला. आता खरा नेमायचा." तिने पट्ट्यातून दोन तुकडे काढले. काडेपेटीएवढे, काळे, कडक प्लास्टिकचे. हीच ती अडणी. ती स्टुलावर चढली आणि वरच्या खाचेत, दार बंद असताना जिथे येतं तिथे बरोबर वर, दोन्ही तुकडे स्क्रूने आवळले. मग दाराच्या पायथ्याशी आतून एक छोटी खिटी बसवली, दाबली की चौकटीच्या भोकात जाते.

"पुन्हा जा."

आम्ही पुन्हा उचललं. काही नाही. पुन्हा. वकील लालबुंद झाली. चिमणी म्हणाली, "मी जेवून येऊ का?" दार तसूभरसुद्धा हललं नाही.

चाकांचं बिल लिहून देऊन मिस्त्री उठली तेव्हा आत्याची नजर तिच्या मांडीवरच्या खिशाकडे गेली. पेचकसाने भोक पडून तो लोंबत होता. "हे असं घेऊन हिंडता तुम्ही?" ती म्हणाली. "कामाचे पैसे वेगळे. खिसा माझ्याकडून. दुसरी पँट असेल ती घालून ही आणून द्या. आतून जाड अस्तर लावते, पेचकस मोडेल पण खिसा नाही फाटणार." मिस्त्री म्हणाली, "माझ्याकडे अशा पाच आहेत. आणि दुकानात आम्ही नऊ जण आहोत." आत्याने वही उघडून लिहून घेतलं.

संध्याकाळी साडेपाचला आई-बाबा एकत्रच आले. मी दोघांना चपला काढू दिल्या नाहीत, थेट मागे अंगणात नेलं. मैत्रिणी थांबल्या होत्या, चिमणी तर पायरीवर जागा धरून बसली होती. आत्या आत होती. तिने कुलूप लावलं, खिटी दाबली.

"उचल," मी आईला म्हटलं.

"काय उचल?"

"दार. दुकानात मी उचललं तसं."

आईने माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मग पर्स वकिलीच्या हातात दिली, घड्याळ काढून चिमणीकडे दिलं, आणि पकडलं. एकदा. मग डाव्या कोपऱ्यातून. मग उजव्या. मग गुडघे वाकवून. आई चिवट आहे, तिने सहज सोडलं नाही. "तुम्ही पण या हो," ती बाबांना म्हणाली. दोघांनी मिळून जोर लावला. बाबांच्या शर्टाचं एक बटण तुटून टणकन काचेवर आपटलं, पण दार होतं तिथेच. आत आत्याने काचेजवळ येऊन ते बटण कुठे पडलं ते बघून ठेवलं.

आई थांबली. धापा टाकत म्हणाली, "हे पुन्हा एकदा सांग. काय बसवलंय म्हणालीस?"

मी सांगितलं. अडणी, खिटी, चाकं, रूळ, भोकं, आणि तेलाचं सगळं. केसांच्या तेलाशी आल्यावर आईने मान फिरवली. काळ्या डब्याशी आल्यावर बाबांनी. आत्याने दार उघडलं, करंगळीनेच, मुद्दाम. आम्ही सगळे आत आलो.

बाबांनी दार दोनदा मागेपुढे केलं. त्यांना आवडलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं, पण बाबा लगेच हो म्हणणाऱ्यांतले नाहीत.

"काम चांगलं झालंय," ते म्हणाले. "पण सांभाळणार कोण? आपलं घर मला माहीत आहे. दोन महिने कौतुक, मग पुन्हा तेच. आणि दार चांगलं झालं म्हणजे ताई पुन्हा कामाला जुंपणार. मला तिला आराम द्यायचाय."

"बाळ्या," आत्या म्हणाली. बाबांना असं फक्त तीच म्हणते. "मला आराम हवा असता तर मी मागितला असता. तोंड आहे मला."

"मग त्या दिवशी बरं का म्हणालीस?"

"तुझ्या घरात राहते. दुसरं काय म्हणणार?"

तिने हे रागाने म्हटलं नव्हतं. कापडाचं माप सांगावं तसं म्हटलं होतं. म्हणूनच ते जास्त लागलं. आईने आत्याच्या हाताला हात लावला. बाबा "माझ्या घरात?" असं इतक्या हळू म्हणाले की माझं शाळेतलं नाव त्यांना द्यावं. ते खाली बसायला लागले, तेही नेमके उंबऱ्यावर.

"रुळावर नका बसू," मी म्हटलं. ते निमूट उठले.

मला कुणी अट घातलेली नव्हती. चिमणी नि वकील दोघीही माझ्याकडे बघत नव्हत्या, बाबांकडे बघत होत्या. मी खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिले. पाय अजिबात लटपटत नव्हते.

"आई, बाबा, मी ठरवलंय," मी म्हटलं, आणि अंगणापलीकडच्या गल्लीतही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं. "भिंत होणार नाही. हे दार राहणार. दर रविवारी सकाळी रूळ मी साफ करणार, परीक्षा असली तरी, सर्दी असली तरी. भोकं मी मोकळी करणार. वर्षातून एकदा मिस्त्रीला मी बोलावणार. रात्रीची खिटी आई तपासेल, कारण तिला त्याशिवाय झोप येणार नाही. आत्या काम कधी थांबवायचं ते आत्या ठरवेल. आणि हे घर तिचंही आहे, हे बाबा, तिला तुम्ही सांगायचं, कारण ते माझ्या तोंडून ऐकून तिला पटायचं नाही. गवंडीकाकांचा नंबर द्या. सोमवारी येऊ नका म्हणून त्यांना फोन मी करतेय, आत्ता, तुम्हा दोघांच्या समोर."